कुमार खेळाडूची पारख: काय मोजता येते, काय नाही

पारनेर तालुक्यातील तरुणाने ‘निवड’ हा शब्द ऐकला की त्याच्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहते ते भरतीचे मैदान. पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेने धावणारी मुले राळेगणसिद्धीच्याच नव्हे, तर या दुष्काळी पट्ट्यातील कोणत्याही गावाच्या वेशीबाहेर दिसतात. लष्कराच्या भरतीत सोळाशे मीटर धावणे आणि बीमवर शरीर उचलणे यांना गुण असतात; नऊ फुटांचा खंदक ओलांडणे आणि नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळत जाणे यांत केवळ उत्तीर्ण व्हावे लागते. येथे नियम आधीच ठाऊक असतात आणि घड्याळ कोणाची ओळख पाहत नाही. ज्याची निवड होत नाही, त्यालाही आपण कोठे कमी पडलो हे कळते.

गेल्या दहा-बारा वर्षांत याच मुलांपुढे दुसरे एक मैदान आले आहे. तेथील मोजपट्टी मात्र इतक्या स्पष्टपणे कोणालाच सांगता येत नाही. हे मैदान आहे व्यावसायिक कबड्डीचे. २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीग सुरू झाली. त्याआधी झालेल्या पहिल्या लिलावात राकेशकुमारला पाटणा पायरेट्सने १२ लाख ८० हजार रुपयांना घेतले, तेव्हा ती मोठी बातमी झाली होती. २०१८ मध्ये बोलीने प्रथमच एक कोटीचा टप्पा ओलांडला. २०२३ मध्ये पवन सेहरावतवर तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये लावले. मातीतल्या, लंगोट-बनियनच्या या खेळाचे अर्थकारण दशकभरात पार बदलले.

नगर जिल्ह्यापुरते बोलायचे तर या बदलाला एक चेहराही आहे. श्रीरामपूर तालुक्यातील टाकळीभान हे अस्लम इनामदारचे गाव. ‘पुणेरी पलटण’ने या तरुण चढाईपटूवर विश्वास टाकला आणि पुढे त्याच्याकडे नेतृत्वही सोपवले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे झालेल्या अंतिम सामन्यात पुण्याच्या संघाने हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून पहिले विजेतेपद मिळवले. त्या हंगामाचा सर्वांत मौल्यवान खेळाडूही अस्लमच ठरला. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझो येथील आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात तो होता, आणि त्याच संघात नाशिकचा आकाश शिंदेही होता. हे सारे घडल्यावर गावोगावच्या मंडळांतील पोरांना आणि त्यांच्या पालकांना एक प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. आपल्या मुलात ‘ते’ आहे का, हे सतराव्या-अठराव्या वर्षी कोण, कसे ठरवतो?

प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. या वयात मुलाने बारावीचा अभ्यास करायचा की सराव शिबिरात जायचे, हे ठरवायचे असते. घरात दोन एकर कोरडवाहू जमीन असेल तर त्या निर्णयाची किंमत सारे कुटुंब मोजते.

ऑस्ट्रेलियातील वार्षिक बाजार

कोवळ्या खेळाडूंची पारख हा जेथे जवळजवळ स्वतंत्र उद्योग झाला आहे, असे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल हा लंबगोल मैदानावर, लंबगोल चेंडूने, एका वेळी प्रत्येक बाजूने १८ खेळाडूंनी खेळायचा खेळ. भारतात तो फारसा कोणी पाहिलेला नाही. पण त्याची खेळाडू निवडण्याची पद्धत अभ्यासण्याजोगी आहे. १९८६ पासून तेथे दरवर्षी ‘ड्राफ्ट’ होतो. त्या वर्षअखेरपर्यंत १८ वर्षे पूर्ण करणारी मुले त्यासाठी नाव देतात आणि व्यावसायिक संघ पाळीपाळीने त्यांतून निवड करतात. यातली गंमत अशी, की पहिली पाळी विजेत्याची नसते. गुणतक्त्यात जो संघ तळाशी राहिला, त्याला सर्वांत आधी निवडायचा अधिकार मिळतो. मुलाला संघ निवडता येत नाही. पर्थच्या मुलाला मेलबर्नला जावे लागते आणि मेलबर्नच्या मुलाला ब्रिस्बेनला.

ड्राफ्टच्या आधी निवडक मुलांना एकत्र बोलावून त्यांची चाचणी घेतली जाते. वीस मीटरची धाव, उभ्याने आणि पळत येऊन मारलेली उंच उडी, दिशा बदलण्याची चपळाई, दोन किलोमीटरची दौड असे सारे सेकंद-सेंटिमीटरमध्ये नोंदले जाते. वैद्यकीय तपासणी होते, संघांचे प्रतिनिधी मुलांच्या मुलाखती घेतात. वर्षभर या मुलांचे सामने पाहणारे पूर्णवेळ निरीक्षक प्रत्येक संघाकडे असतात. कोण कितव्या पाळीत जाईल याचे अंदाज वृत्तपत्रे महिनोन् महिने बांधत असतात.

एवढा खटाटोप करूनही अंदाज चुकतात, आणि ते कसे चुकतात हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. २००१ चा ड्राफ्ट तेथे आजही आदर्श मानला जातो. त्यात पहिला ल्यूक हॉज, दुसरा ल्यूक बॉल आणि तिसरा ख्रिस जड. तिघेही मोठे खेळाडू झाले. हॉजने हॉथॉर्न संघाला चार विजेतेपदे मिळवून देण्यात वाटा उचलला. तिसऱ्या क्रमांकावर गेलेल्या जडने वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळाडूला मिळणारे ब्राउनलो पदक २००४ आणि २०१० असे दोनदा पटकावले. त्याच्या खांद्यांच्या दुखण्याची तेव्हा चर्चा होती. याच ड्राफ्टमध्ये गॅरी अॅब्लेट धाकटा हा चाळिसाव्या क्रमांकावर, तोही वडील ज्या संघाकडून खेळले त्या संघाला मुलावर हक्क देणाऱ्या नियमामुळे, जीलाँगकडे गेला. पुढे तो या खेळातील थोर खेळाडूंत गणला गेला. त्याआधी १९९० मध्ये जेम्स हर्ड ७९ व्या क्रमांकापर्यंत कोणालाच नको होता. म्हणजे पहिल्या दोन-तीन नावांबाबत निरीक्षकांची नजर बरीचशी अचूक ठरते. त्याखाली उतरत गेले की अंदाज आणि नशीब यांतील सीमारेषा पुसट होत जाते.

दुबळ्याला आधी संधी देण्याच्या उदात्त नियमालाही पळवाटा फुटल्याच. तळाला राहिल्याने चांगली मुले मिळणार असतील तर हंगामाच्या अखेरीस जिंकायचे कशाला, असा विचार काही संघ करतात हा आरोप तेथे वारंवार झाला. मेलबर्न संघाच्या २००९ च्या हंगामाची चौकशी होऊन २०१३ मध्ये त्याला पाच लाख डॉलरचा दंड झाला. मुद्दाम हरल्याचा ठपका मात्र ठेवला गेला नाही. असो.

घड्याळाला काय दिसते

महाराष्ट्रालाही अशा चाचण्या नव्या नाहीत. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनींत प्रवेश देताना मुलांची उंची-वजन नोंदवून धावण्याचा वेग, उभी उडी, जागेवरून लांब उडी, मेडिसिन बॉलची फेक, शटल रन, पुढे वाकून लवचिकता आणि ८०० मीटरची दौड अशा कसोट्या घेतल्या जातात. आठ-दहा वर्षांच्या मुलाला एखाद्या खेळाकडे वळवायचे असेल तर या कसोट्या उपयोगी आहेत. वेग आणि उसळी बऱ्याच अंशी उपजत असते. ती नसेल तर प्रशिक्षकाला मर्यादा पडतात.

कबड्डीत मात्र घड्याळाची साक्ष अपुरी ठरते, आणि याचे कारण खेळाच्या रचनेतच आहे. चढाई ३० सेकंदांची. तेवढ्या वेळात चढाईपटू सरळ रेषेत फार तर पाच-सहा मीटर जातो. शंभर मीटरचा वेगवान धावपटू येथे वेगवान ठरेलच असे नाही. येथे लागतो तो थांबलेल्या अवस्थेतून एका पावलात सुटण्याचा वेग, आणि त्याहून अधिक, समोरच्या सात जणांपैकी कोण पुढे झेपावणार आहे हे त्याच्या खांद्यावरून ओळखण्याची नजर. ही नजर मोजणारे यंत्र अद्याप कोणाजवळ नाही. प्रदीप नरवाल हा काही फार धिप्पाड खेळाडू नव्हता. साखळीखालून सूर मारून निसटण्याची त्याची ‘डुबकी’ कोणत्याही शारीरिक चाचणीत पकडता आली नसती. पहिल्या हंगामात बेंगळुरूकडे असताना त्याला फारशी संधी मिळाली नाही. नंतर पाटण्याच्या संघाने त्याच्या जोरावर सलग तीन विजेतेपदे मिळवली आणि २०१७ च्या हंगामात त्याने चढायांतून ३६९ गुण वसूल केले. याच प्रदीपसाठी २०२५ च्या लिलावात एकाही संघाने बोली लावली नाही आणि त्याने निवृत्ती घेतली. बाजाराची स्मरणशक्ती अशी असते.

गुणफलक काय लपवतो

मग गुणसंख्येवर विसंबावे का? जिल्हा अजिंक्यपद स्पर्धेत, किंवा राज्य संघटनेच्या ‘राज्य अजिंक्यपद व निवड चाचणी’ स्पर्धेत ज्या मुलाने सर्वाधिक गुण मिळवले तोच उत्तम, असे सोपे गणित प्रेक्षक मांडतात. अनुभवी निवडकर्ता ते मांडत नाही. कबड्डीतले सगळे गुण सारख्या मोलाचे नसतात, हे त्याला ठाऊक असते.

समोर सहा किंवा सात बचावपटू असताना बोनस रेषा ओलांडली की एक गुण मिळतो. हा गुण उपयोगाचा खराच, पण त्याने बाद होऊन बाहेर बसलेला आपला सहकारी मैदानात परतत नाही. स्पर्श करून मिळवलेला गुण मात्र एका गड्याला जिवंत करतो. त्यामुळे दहा गुणांपैकी सात बोनसचे असलेला चढाईपटू आणि दहापैकी आठ स्पर्शाचे असलेला चढाईपटू गुणफलकावर सारखे दिसले, तरी संघाच्या दृष्टीने त्यांच्यात मोठे अंतर असते. तीच गोष्ट उलट्या बाजूने. मैदानात प्रतिस्पर्ध्यांचे दोघेच उरले असताना, लोण चढायच्या बेतात असताना मिळवलेले गुण सोपे वाटतात. प्रत्यक्षात तीन किंवा त्याहून कमी बचावपटूंनी पकड केली तर त्यांना दोन गुण मिळत असल्याने तेथे जोखीम दुप्पट असते. अशा वेळी घाई न करता परत येणारा मुलगा गुणफलकावर शून्य नोंदवतो. जाणकाराच्या वहीत मात्र त्याच्या नावापुढे एक खूण पडते.

सर्वांत बोलकी असते ती निर्णायक तिसरी चढाई. दोन चढाया कोऱ्या गेल्यानंतर तिसऱ्या चढाईत गुण मिळवलाच पाहिजे, अन्यथा चढाईपटू बाद. समोरच्या संघालाही हे ठाऊक असते आणि तो दबा धरून बसतो. व्यावसायिक संघ ज्याच्या शोधात असतात तो गुणी पोरगा बहुधा येथे ओळखू येतो. सात गडी समोर असताना मोकळ्या मनाने खेळणारे पुष्कळ असतात. गुण मिळवलाच पाहिजे अशा वेळी ज्याचे पाय जड होत नाहीत असे थोडे.

बचावपटूंची पारख त्याहून अवघड. कुमार वयात कोपरारक्षकाचा मोठा दोष म्हणजे उतावीळपणा. चढाईपटू आत येण्याआधीच घोट्यावर झेपावणे, पकड फसली की निष्कारण एक गुण देणे. त्यामुळे निरीक्षक पकडी मोजण्याऐवजी सोडून दिलेल्या संधी मोजतो. चढाईपटू आमिष दाखवत असताना डावा कोपरा किती वेळ जागेवर थांबला? शेजारच्या मध्यरक्षकाने झेप घेतल्यावर तो मदतीला किती क्षणांत पोहोचला? पकड एकट्याची नसते, साखळीची असते. ज्या मुलाला गावच्या मंडळात सगळ्या पकडी स्वतःच कराव्या लागतात, तो मोठ्या संघात गेल्यावर बावरतो. याउलट सामान्य वाटणारा एखादा मुलगा चांगल्या साथीदारांमध्ये अचानक उठून दिसतो.

यात भर पडते ती मैदानाच्या फरकाची. महाराष्ट्रातील पुष्कळ स्पर्धा दीर्घकाळ मातीवर होत आल्या; लीग मॅटवर होते. मातीत पाय रुततो, वळताना निसटतो. मॅटवर बूट घट्ट धरतो. मातीवरची लाथ मॅटवर तितकी लांब जाते, पण वळण्याचा सारा ताण गुडघ्यावर येतो. मॅटवर एकही हंगाम न खेळलेल्या मुलाबद्दल कोणी ठाम मत दिले तर ते जपूनच घ्यावे. महाराष्ट्राने २०१८ च्या जानेवारीत हैदराबादला रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली वरिष्ठ गटाचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, तेव्हा त्यासाठी अकरा वर्षे वाट पाहावी लागली होती. कबड्डीचे माहेरघर म्हणवणाऱ्या राज्यावर ही वेळ का आली, याची जी कारणे जाणकार सांगतात त्यांत मॅटची उशिरा झालेली सवय हे एक असतेच.

वजनकाटा आणि जन्मदाखला

कबड्डीत किशोर गट १६ वर्षांखालील आणि कुमार गट २० वर्षांखालील. शालेय स्पर्धांचे गट १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे वेगळे. संघटनेच्या स्पर्धांत वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते आणि स्पर्धेपूर्वी काट्यावर उभे राहावे लागते. यातून निर्माण होणारा पेच पालकांनी समजून घेण्यासारखा आहे. वाढत्या वयातील मुलगा मर्यादेच्या एक-दोन किलो वर गेला की त्याला उपाशी ठेवून, पळवून, पाणी तोडून वजन उतरवले जाते. या अवस्थेत तो निवड चाचणीत उतरतो आणि त्याची पारख होते ती अशी अर्धपोटी. पुढे व्यावसायिक लीगमध्ये वजनमर्यादा बरीच वर असल्याने त्याच मुलाला वजन वाढवायला सांगितले जाते. म्हणजे ज्या शरीराच्या आधारे निवड झाली, ते शरीर निवडीनंतर टिकवायचेच नसते. हलक्या चढाईपटूला घोट्यात धरून थांबवणारा कुमार कोपरारक्षक ऐंशी किलोच्या गड्यापुढे फरफटत जातो, ते याचमुळे. कसलेला निवडकर्ता म्हणूनच मुलाच्या आजच्या वजनाइतकेच त्याच्या मनगटाच्या रुंदीकडे, पायाच्या पंजाकडे आणि शक्य झाल्यास त्याच्या बापाच्या अंगयष्टीकडेही पाहतो.

दुसरा काटा जन्मतारखेचा. वयोगटाची तारीख ठरली की तिच्या लगेच नंतर जन्मलेली मुले गटात सर्वांत मोठी ठरतात, त्यामुळे उंच, दणकट आणि म्हणून निवडीत पुढे. कॅनडातील आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्ममहिन्यांचा १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत प्रसिद्ध आहे. वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या तेथे लक्षणीय जास्त आढळली. गुणवत्ता जानेवारीत अधिक जन्माला येते असे कोणी म्हणणार नाही. आठ-दहा महिन्यांच्या वाढीलाच निवडकर्ते गुणवत्ता समजतात आणि त्या मुलांना चांगले प्रशिक्षण मिळाल्याने पुढे ते खरेही ठरते.

आपल्याकडे या दोषावर आणखी एक थर चढतो, तो वयचोरीचा. वीस-एकवीस वर्षांचा गडी सतरा वर्षांखालील मुलांत खेळला की पारख करण्याजोगे काही उरतच नाही. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने २०१० मध्ये याविरुद्ध राष्ट्रीय आचारसंहिता आणली. क्रिकेट मंडळ मनगटाच्या हाडांच्या वाढीवरून वय तपासते. ग्रामीण स्पर्धांत मात्र अजूनही शाळेचा दाखला आणि आयोजकांची भीड यांवरच बरेच काही चालते. यात खरा अन्याय होतो तो प्रामाणिक वय सांगणाऱ्या, उशिरा अंग धरणाऱ्या मुलावर. तो सोळाव्या वर्षी बाद ठरतो, आणि अठराव्या वर्षी त्याला बोलवायला कोणी जात नाही.

लिलाव आणि पाळी

ड्राफ्ट आणि लिलाव यांत मूलभूत फरक आहे. लिलावात पैसा बोलतो, ड्राफ्टमध्ये पाळी. भारतात ड्राफ्टचा एक गाजलेला प्रयोग झाला तो क्रिकेटमध्ये. मार्च २००८ मध्ये, मलेशियात १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकून संघ परतल्यानंतर लगेच, आयपीएलच्या संघांनी या मुलांची पाळीपाळीने निवड केली. मानधन ठरावीक असल्याने बोलीचा प्रश्नच नव्हता. दिल्लीच्या संघाकडे फलंदाज भरपूर होते. त्यांनी दिल्लीकर विराट कोहलीला बाजूला ठेवून डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप संगवानला निवडले. कोहली बंगळुरूकडे गेला. या निर्णयाची आजवर पुष्कळ थट्टा झाली आहे. पण त्या दिवशीच्या गरजेच्या हिशेबाने तो अगदीच अविचारी नव्हता. कुमार खेळाडू निवडताना ‘सर्वोत्तम कोण’ आणि ‘आपल्याला आज कोण हवा’ हे दोन वेगळे प्रश्न असतात, आणि त्यांची गल्लत केल्याची किंमत दहा वर्षांनी कळते.

प्रो कबड्डीने मधला मार्ग काढला आहे. नामांकित खेळाडूंचा लिलाव होतो. नवोदितांसाठी मात्र वेगळा गट आहे. संघ आपल्या निरीक्षकांमार्फत, शिबिरांतून आणि चाचण्यांतून अशी मुले हेरतात आणि ठरावीक मानधनावर करारबद्ध करतात. २०२२ च्या लिलावाच्या यादीत तर ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचलेल्या दोन्ही संघांतील मिळून २४ खेळाडूंचा समावेश केला गेला. नवीनकुमार दिल्लीच्या संघात आला तो अशाच नवोदित गटातून, वयाची विशी गाठण्याआधी. २०२२ मध्ये दिल्लीने विजेतेपद मिळवले त्यात त्याचा मोठा वाटा होता. याउलट कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याच्या सिद्धार्थ देसाईला २०१८ मध्ये ‘यू मुंबा’ने ३६ लाख ४० हजारांना घेतले, त्याने पहिल्याच हंगामात दोनशेहून अधिक गुण मिळवले आणि पुढच्या वर्षी त्याच्यावर १ कोटी ४५ लाखांची बोली लागली. एका वर्षात चौपट! सिद्धार्थ वर्षभरात चौपट चांगला खेळाडू झाला नव्हता. त्याच्याबद्दलची अनिश्चितता तेवढी कमी झाली होती. नवोदिताला कमी मानधन मिळते ते त्याच्या गुणांचे मोल म्हणून नव्हे. तो यशस्वी होईल की नाही ही शंका संघाने त्याच्याच मानधनातून वजा केलेली असते. पालकांनी पहिल्या करारावर सही करताना हे गणित ध्यानी ठेवलेले बरे, विशेषतः करार किती हंगामांचा आहे हे वाचताना.

गुडघ्याचा हिशेब तर कोणत्याच करारात नीट मांडलेला नसतो. २०२४ च्या हंगामात खुद्द अस्लम इनामदारला गुडघ्याच्या दुखापतीमुळे मध्येच थांबावे लागले. नाव झालेल्या खेळाडूची संघ वाट पाहतो. पहिल्याच शिबिरात गुडघा गेलेल्या अठरा वर्षांच्या मुलाची वाट बहुधा त्याचे घरच पाहते.

नापासांना प्रथम प्रवेश

निवडीचा विचार करताना राळेगणसिद्धीचे नाव घेण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते खेळाच्या बाहेरचे आहे. अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने पाणलोट विकासाची कामे झाली म्हणून हे गाव देशभर ठाऊक आहे. तेथील संत निळोबाराय विद्यालयाचा प्रयोग शहरी वाचकांना त्या मानाने कमी परिचित आहे. गावात माध्यमिक शाळा व्हावी, तिला मान्यता मिळावी म्हणून ग्रामस्थांना झगडावे लागले होते. शाळा उभी राहिल्यावर वसतिगृहातील प्रवेशासाठी जो निकष लावला गेला, तो इतर शाळांच्या अगदी उलटा होता. जो नापास झाला आहे, ज्याला इतर शाळांनी नाकारले आहे, ज्याच्याबद्दल घरच्यांनी हात टेकले आहेत, अशा मुलाला येथे प्राधान्य. पहाटे उठणे, धावणे, व्यायाम, श्रमदान आणि मग अभ्यास असा कडक दिनक्रम, आणि शिक्षकांचा मुक्काम गावातच. इतरत्र बाद ठरलेली मुले येथून दहावी उत्तीर्ण होऊन बाहेर पडू लागली, तेव्हा या शाळेची कीर्ती जिल्ह्याबाहेर गेली.

ऑस्ट्रेलियातील ड्राफ्टमध्ये दुबळ्या संघाला पहिली पाळी मिळते, पण तो संघही निवडतो सर्वांत तगड्या मुलालाच. राळेगणच्या शाळेने दुबळ्या मुलालाच पहिली पाळी दिली. अर्थात या दोहोंची सरळ तुलना करता येणार नाही. दहावी उत्तीर्ण होण्याला जागांची मर्यादा नसते. कबड्डीच्या संघात एका वेळी सातच जण खेळतात. शाळेला सर्वांना घडवता येते, व्यावसायिक संघाला कोणाला तरी नाकारावेच लागते. तरीही क्रीडा संघटनांनी या प्रयोगातून घेण्यासारखे काही आहे. निवड चाचणीत वगळलेल्या मुलांची यादी आपल्याकडे कोणीही जपून ठेवत नाही. जिल्ह्याच्या संभाव्य संघात पंचवीस-तीस मुले असतात, अंतिम संघ जाहीर होतो तेव्हा त्यांतील निम्म्याहून अधिक गळतात आणि त्यांची नावे त्याच दिवशी विसरली जातात. वर्ष-दोन वर्षांनी त्यांतील कोण उंचावला, कोणाचे वजन भरले, कोणी खेळ सोडला हे पाहायला कोणी त्यांच्या गावी जात नाही. उशिरा फुलणारी मुले हाती लागायची असतील तर दुसरी चाचणी हवी, आणि ती पहिलीत बाद झालेल्यांसाठीच हवी. यासाठी फार मोठा निधी लागत नाही. वही, फोन क्रमांक आणि थोडी चिकाटी पुरते.

न निवडल्या गेलेल्यांचे पुढे काय होते, हे पाहिल्यावर कबड्डीची जुनी व्यवस्था अगदीच टाकाऊ नव्हती असे वाटू लागते. लीग येण्यापूर्वी चांगल्या खेळाडूचे लक्ष्य होते नोकरी: रेल्वे, पोलीस, बँका, एअर इंडिया, महिंद्र, भारत पेट्रोलियम अशा संघांतील. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी कोणत्या पातळीवरील कोणत्या स्पर्धेचे प्रमाणपत्र चालते हे नियमांनी ठरलेले आहे. लीगमध्ये दोन हंगाम राखीव बाकावर बसलेल्या मुलाच्या हाती थोडे पैसे येतात. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत राज्याकडून खेळलेल्या मुलाच्या हाती निवृत्तीपर्यंतची नोकरी येऊ शकते. कोणती वाट धरायची हे मुलाच्या घरची परिस्थिती पाहून ठरवावे लागते. निरीक्षक तो सल्ला देत नाहीत. त्यांचे ते कामही नव्हे. गावचा प्रशिक्षक, शाळेचे क्रीडाशिक्षक यांनी तो द्यावा, अशी अपेक्षा असते. बऱ्याचदा त्यांनाही नियमांची अद्ययावत माहिती नसते.

मुलींच्या बाबतीत तर हा पेच पडण्याइतपतही पर्याय नाहीत. २०१६ मध्ये पुरुषांच्या लीगबरोबर तीन महिला संघांची छोटी स्पर्धा भरवली गेली. पुढच्या हंगामांत ती दिसली नाही. अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के यांच्यासारख्या खेळाडूंनी २०१२ चा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात महाराष्ट्राचे नाव गाजवले, तेव्हा लीग जन्मालाही आली नव्हती. किशोरी आणि कुमारी गटाच्या निवड चाचण्यांना आजही मुली मोठ्या संख्येने येतात. त्यांच्या चढायांकडे पाहणाऱ्यांत व्यावसायिक संघाचा निरीक्षक नसतो. असलाच तर एखाद्या नोकरी देणाऱ्या संघाचा प्रशिक्षक असतो, आणि त्याच्याजवळ त्या वर्षी भरायच्या जागा एक किंवा दोन.